शिकविण्याचा अधिकार

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीची घंटा झाली होती, डबे उघडले होते, आणि तरी शिक्षकांच्या खोलीत कोणी बोलत नव्हते. टेबलावर वर्तमानपत्र पडले होते. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकविणाऱ्या ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, नाही तर नोकरी सोडावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ तारखेला दिला होता. ही परीक्षा आपल्या राज्यात २०१३ मध्ये सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी हातात खडू घेतलेले चार-पाच जण त्या खोलीत बसले होते.

त्यांतले एक गुरुजी माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. डब्यातली भाकरी तशीच ठेवून ते म्हणाले, "पंचवीस वर्षे शिकविले, ते काय परवान्यावाचून?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सांगा. तुम्ही काही आमच्यासारखे सरळ वाटेने आलेले नाही. वर कादंबऱ्या लिहिता. शिकविण्याचा अधिकार माणसाला मिळतो तरी कशाने?"

प्रश्नात कुचेष्टा नव्हती. असती तर उत्तर देणे सोपे गेले असते. मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि तेवढ्यात घंटा झाली. शिक्षकावरचे जितके अवघड प्रसंग घंटेने निभावून नेले आहेत, तितके कोणा देवानेही नेले नसतील. पण प्रश्न काही शाळेत राहिला नाही. तो माझ्याबरोबर सायकलवर बसून पूस नदीच्या पुलावरून घरी आला आणि अजून मुक्कामाला आहे.

हा प्रश्न मलाच का विचारला गेला, ते आधी सांगायला हवे. मी मॅट्रिक झालेला माणूस. दहावीला आमच्याकडे जुनी माणसे अजून मॅट्रिकच म्हणतात, आणि तो शब्द मला आवडतो. त्यात काहीतरी गड जिंकल्यासारखे वाटते. १९९६ मध्ये तो गड जिंकला आणि दुसऱ्याच महिन्यात पाट्या रंगविणाऱ्या एका उस्तादांच्या हाताखाली लागलो. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या पाठी, लग्नसराईत घरांच्या भिंतींवर वधूवरांची नावे, आणि निवडणूक आली की हाताला खाज येण्याचीही फुरसत नाही. सुताला खडू लावून रेघ कशी मारावी, 'क्ष' ला जागा किती सोडावी, लाल अक्षराला पिवळी कड दिली की ते लांबून कसे उठते, हे सारे मी त्या उस्तादांजवळ शिकलो. मग फ्लेक्सचे यंत्र आले. जी पाटी मला दोन दिवस पुरत असे, ती यंत्रातून दहा मिनिटांत निघू लागली, वर गिऱ्हाइकाच्या फोटोसकट.

त्या सुमारास एका विनाअनुदानित शाळेच्या भिंतीवर सुविचार रंगविण्याचे काम मिळाले. काम संपत आले तेव्हा तिथल्या चालकांनी विचारले, "चित्रकलेचे तास घ्याल का? मास्तर मिळत नाही." मिळत नव्हता तो पगारामुळे, हे मला पुढे कळले. २००६ च्या जूनअखेर मी भिंत सोडून फळ्यापुढे उभा राहिलो. चित्रकला शिक्षकाची पदविका मी घेतली ती पुढे काही वर्षांनी. त्या दिवशी माझ्याजवळ मॅट्रिकचे प्रमाणपत्र, कानामागे पेन्सिल आणि बोटांवर न निघणारा रंग, एवढेच होते.

व्यवसाय बदलणे ही आमच्या पुसदला काही नवलाची गोष्ट नाही. जवळच्या गहुली गावचे वसंतराव नाईक इथे वकिली करीत होते. १९६३ मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि १९७५ पर्यंत राहिले. त्यांना कोणी विचारले नसेल, की वकीलसाहेब, मुख्यमंत्रीपणाची पदविका कुठून घेतली? मग मास्तरालाच का विचारावे, असे मी ऐटीत म्हणत असे. त्या वयात माझ्याजवळ याहूनही मोठी तोफ होती. आमच्या भागातल्या महाविद्यालयांतून जो पदवीधर बाहेर पडतो, त्याच्या पदवीवर विद्यापीठाचे नाव असते संत गाडगे बाबांचे. ज्यांनी शाळेची पायरी चढली नाही आणि हातातल्या खराट्याने गावेच्या गावे शिकविली, त्यांच्या नावाने पदव्या वाटल्या जातात! तिकडे जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले तेव्हा तर मला फारच आनंद झाला. आसोद्याच्या त्या माऊलीला अक्षरओळख नव्हती. दोन विद्यापीठे माझ्या बाजूने साक्षीला उभी असताना मी कोणाला भिऊ?

वाचकहो, ही तोफ मी पुष्कळ वर्षे उडविली. ती निकामी कशी झाली, तेच आता सांगतो.

त्या पहिल्या वर्षी पाचवीत एक मुलगा होता. पुसदजवळच्या तांड्यावरचा. आईबाप ऊसतोडीला गेले की तो आईच्या माहेरी, आजा-आजीपाशी राही. त्याची रेघ पाहून मी चकित झालो होतो. बैल काढला तर वशिंडाचा बाक नेमका. बैलगाडी काढली तर चाकाचे आरे मोजून घ्यावेत. एके दिवशी मी पोपट काढायला सांगितला. त्याने असा सुरेख पोपट काढला, की कागदावरून उडेल. मग तो रंगवून माझ्यापुढे आणला. पोपट तपकिरी होता आणि चोच कसल्याशा शेवाळी रंगाची.

मला वाटले, पोरगा चेष्टा करतो आहे. रंगाच्या बाबतीत मी फार तापट. पाट्यांच्या धंद्यात रंग चुकला की मजुरी बुडते. मी तो कागद उंच धरला आणि साऱ्या वर्गाला विचारले, "काय रे, हा पोपट आहे की घार?"

वर्ग हसला. वर्ग हसला म्हणजे आपण चांगले शिकवितो, असे नव्या मास्तराला वाटते. तो मुलगा काही बोलला नाही. कागद घेऊन जागेवर गेला. दुसऱ्या दिवसापासून सारी शाळा त्याला 'घार' म्हणू लागली. पुढे त्याने माझ्या तासाला रंगाच्या पेटीला हात लावला नाही. पेन्सिलीचे चित्र तेवढे देई. मी त्याला हट्टी समजलो, रंगकामाचे गुण कापले, आणि एलिमेंटरी परीक्षेला मुलांची नावे पाठविली तेव्हा त्याचे पाठविले नाही. सर्वांत चांगला हात त्याचाच होता.

पुष्कळ वर्षे गेली. मी पदविका घेतली, दुसऱ्या शाळेत रुजू झालो, पहिली कादंबरी छापून आली. एका संध्याकाळी एक उंच, काटक तरुण दारात उभा राहिला. मी ओळखले नाही. त्याने आपले नाव सांगितले आणि मग जरा थांबून, "सर, घार," असे म्हणाला. दोन वर्षे पहाटे उठून तो सैन्यभरतीसाठी धावत होता. धावण्यात पास झाला, छातीच्या मापात पास झाला आणि डोळ्यांच्या तपासणीत बाद झाला. हातात त्याचा कागद होता. तांबडा आणि हिरवा हे रंग त्याला आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत, जन्मापासूनच दिसत नाहीत, असे त्याला तिथे पहिल्यांदा कळले होते. त्याने मला एवढेच विचारले, "सर, तुम्हाले तवा मालूम होतं काय?"

मी म्हणालो, "नाही रे."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. तो मला जाब विचारायला आलाच नव्हता. आपल्या सरांनी जाणूनबुजून आपल्याला हसविले की काय, एवढीच शंका त्याला खात होती. ती फिटली, चहा पिऊन तो गेला. जाताना सहज म्हणाला, की आईचा बापही असाच होता. पिकलेली मिरची तोडायला लावली की हिरवीही तोडून आणायचा आणि आजीच्या शिव्या खायचा.

त्याने मला सोडून दिले. मी मात्र स्वतःला सोडू शकलो नाही. माहीत असून हसविले असते तर ते पाप झाले असते, हे उघड आहे. पण माहीत नसताना हसविले, त्याला काय म्हणावे? वाटेने जाणाऱ्या माणसाला ही गोष्ट ठाऊक नसली तर तो त्याचा दोष नाही. पण मी वाटेने जात नव्हतो. मी त्याच्या वर्गात उभा होतो. शिकवायला उभ्या राहिलेल्या माणसाचे अज्ञान हे त्याच्या एकट्याचे राहात नाही. त्याचा हप्ता दुसराच कोणी फेडीत असतो.

दुसऱ्या दिवशी मी हे आमच्या एका बाईंना सांगितले. त्या डी. एड. झालेल्या. त्या म्हणाल्या, "अहो सर, आम्हाला बालमानसशास्त्राच्या पुस्तकात याच्यावर एक लहानसा परिच्छेद होता. असा दोष मुलग्यांत अधिक, मुलींत क्वचित. आईकडून येतो." एक लहानसा परिच्छेद! माझ्या दोन्ही विद्यापीठांची तोफ त्या परिच्छेदापुढे गप्प झाली.

या दोषाचा पहिला शास्त्रीय अभ्यास ज्याने केला, तो स्वतःच त्या दोषाचा धनी होता आणि स्वतःच शाळामास्तर होता, हे मला नंतर वाचनात आढळले. जॉन डाल्टन हे त्याचे नाव. अणूचा सिद्धांत मांडणारा तोच. इंग्लंडमधल्या विणकराचा हा मुलगा क्वेकर पंथाचा, म्हणून तिथल्या विद्यापीठांची दारे त्याला बंद होती. पदवीवाचून तो पोरसवदा वयातच मास्तर झाला. १७९४ मध्ये मँचेस्टरच्या विद्वानांपुढे त्याने निबंध वाचला, की इतरांना दिसतात तसे रंग मला दिसत नाहीत. पुढे ऑक्सफर्डने त्याला सन्मानाची पदवी दिली. तिचा झगा लालभडक होता आणि साधेपणाने राहणाऱ्या क्वेकराने तो घालावा कसा, अशी लोकांना चिंता पडली. पण डाल्टनला तो लाल दिसतच नव्हता, असे सांगतात. ही हकीकत वाचून मी हसलो, आणि हसता हसता थांबलो. पदवी नसताना डाल्टनने काय केले? आपल्याला काय दिसत नाही, याचा शोध घेतला. पदवी नसताना मी काय केले? मला दिसते तेच खरे, असे वर्गाला सांगितले.

तेव्हापासून कागद या वस्तूकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आपल्याला वाटते, प्रमाणपत्र हे ते मिळविणाऱ्याचे असते. भिंतीवर चौकट करून लावावे, लग्नाच्या बोलण्यात पुढे करावे. पण खरे पाहता ते ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी असते. एस. टी. त बसताना आपण चालकाला गाडी चालवून दाखवायला सांगत नाही. डोळे मिटून झोपतो. कोणीतरी त्याला पारखून घेतले आहे, या भरवशावर झोपतो. तांड्यावरची बाई पोराला शाळेच्या दारात सोडते आणि सहा महिन्यांसाठी ऊस तोडायला निघून जाते. मास्तराला काय येते आणि काय येत नाही, हे ती कशी पारखणार? ऐपतवाला बाप चार शाळा पाहील, शिकवणी लावील. तिच्याजवळ एकच भरवसा आहे, की सरकारने पारखल्यावाचून कोणी इथे उभा राहिला नसेल. आणि त्या फळ्यापुढे उभा होतो मी, भिंत रंगवून झाल्यावर उरलेला.

महापुरुषांना कुठे पदवी होती, हा मुद्दा सगळ्यांत जास्त कोणाच्या सोयीचा असतो, हेही मला मग उमगले. तो गाडगे बाबांच्या सोयीचा नाही. ज्याला गरिबांच्या मुलांसाठी स्वस्तातला मास्तर हवा असतो, त्याच्या सोयीचा आहे. श्रीमंतांच्या शाळेत एकलव्याचे दाखले देऊन नेमणुका झालेल्या मी ऐकल्या नाहीत.

मग मी आपल्या मोठ्या माणसांची चरित्रे पुन्हा वाचली, या वेळी वेगळ्या हेतूने. ज्यांच्याजवळ कागद नव्हता, त्यांनी कागदाच्या जागी काय ठेवले, ते पाहावे म्हणून. सावित्रीबाई फुल्यांविषयी आपण सांगतो, की १८४८ मध्ये पुण्यात मुलींच्या शाळेत त्या शिकवू लागल्या. पण शिकवायचे कसे, हे त्या शिकल्या, अहमदनगरला फरार बाईंकडे आणि पुण्याला मिचेल बाईंकडे, हे आपण घाईत गाळतो. अंगावर शेण झेलण्याचे धैर्य होते म्हणून शिकण्याची गरज नाही, असे त्यांनी मानले नाही.

गिजुभाई बधेका वकील होते. पूर्व आफ्रिकेत जाऊन आले, इकडे वकिली चालविली आणि १९१६ मध्ये ती सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले. तिथे त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले आणि पुढे शिक्षक घडविणारे अध्यापन मंदिरही काढले. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याजवळ गेल्या त्या चांगली मोठ्या पगाराची नोकरी सोडून, आणि पुन्हा शिकण्यासाठी.

आणि कर्मवीर भाऊराव पाटील! मॅट्रिकचा उंबरठा त्यांना ओलांडता आला नाही, म्हणजे या बाबतीत ते माझ्याही एक पायरी खाली. ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल, किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. १९१९ मध्ये काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. इथपर्यंतची गोष्ट मी भाषणात पुष्कळदा सांगितली होती. मधली गोष्ट मला ठाऊकच नव्हती: १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्याला प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय उघडले. स्वतः मॅट्रिक न झालेला माणूस म्हणाला नाही, की माझे अडले नाही तर इतरांचे कशाला अडावे? खेड्यातल्या मुलापुढे जो उभा राहील तो तयार होऊनच उभा राहिला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

तेव्हा आडवाटेने येणाऱ्याला सवलत नसते. उलट त्याच्या डोक्यावर कर्ज जास्त असते, असे मला वाटू लागले आहे. सरळ वाटेने आलेल्याने ते दोन वर्षांत अध्यापक विद्यालयात फेडलेले असते. आडवाटेने आलेल्याला ते फळ्यापुढे उभे राहून, रोज थोडे थोडे फेडावे लागते, आणि फिटले असे कधीच म्हणता येत नाही.

पण म्हणून कागद हेच सर्वस्व, असेही मला म्हणवत नाही. त्या बाईंना परिच्छेद पाठ होता. तोच मुलगा त्यांच्याही वर्गात होता, आणि त्यांनाही तो ओळखता आला नव्हता. त्यांच्या तासाला रंगांचे कामच पडत नव्हते. परिच्छेद त्यांच्याजवळ होता आणि पोपट माझ्याजवळ. आम्ही दोघे एकाच खोलीत डबा खात होतो. पण एकमेकांना विचारण्याची कधी वेळ आली नाही. मी विचारले असते, "बाई, हा पोरगा हिरव्याला तपकिरी का करतो?", तर कदाचित एका मुलाची दोन वर्षांची पहाट वाचली असती. मी विचारले नाही, कारण आपल्याला येत नाही हे कळले तर आपली भिंतीवरची जात उघडी पडेल, अशी मला भीती होती. अज्ञानापेक्षा ही भीतीच मुलाला अधिक महाग पडली.

आडवाटेने येणारा माणूस शाळेत काही घेऊनही येतो, हे मी नाकारीत नाही. मजुरी बुडणे म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचलेले नाही. चुकलेले अक्षर पुसून पुन्हा उभे करताना मनगट कसे ठेवायचे, ते मी मुलांचा हात धरून दाखवितो. ही शिदोरी खरी आहे. पण शिदोरी म्हणजे परवाना नव्हे, आणि परवाना म्हणजे शिदोरी नव्हे. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायला गेले, की मधल्या मधे मूल उपाशी राहते.

गुरुजींना द्यायचे उत्तर शेवटी चार दिवसांनी दिले. म्हणालो, "गुरुजी, अधिकार ही एकदा मिळून पेटीत ठेवायची वस्तू नसावी. ती भाड्याची खोली आहे. दर महिन्याला भाडे द्यावे लागते. तुम्ही पंचवीस वर्षे दिलेत, हे आम्ही पाहिले आहे. ज्याने नियम केला त्यानेही ते पाहायला हवे, आणि पन्नाशीच्या माणसाच्या ताटाला हात लावताना दहा वेळा विचार करायला हवा. पण पुस्तक पुन्हा उघडण्यात अपमान आहे, असे मात्र मला वाटत नाही. मी ते वेळेवर उघडले नव्हते." मग त्यांना घारीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली. परीक्षेविषयी ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीत बालमानसशास्त्राचे पुस्तक दिसले आणि त्यांनी आपला डबा माझ्याजवळ सरकवला.

आता दर वर्षी जूनअखेर शाळा उघडली, की मी पहिल्या तासाला चित्र काढायला लावीत नाही. रंगीत खडूंच्या वेष्टनांवर रंगांची नावे लिहून घेतो. मग एकेकाला जवळ बोलावून, इतरांना कळू न देता, तांबड्या-हिरव्या मण्यांची वाटी निवडायला देतो. हे डॉक्टरी तपासणीची जागा घेत नाही, पण शंका आली तर मी पालकांना डॉक्टरांकडे पाठवितो.

तो मुलगा आता दिग्रसला सुतारकाम करतो. त्याची रेघ अजून तशीच आहे; लाकडात ती आणखी शोभते. या दिवाळीच्या आधी तो आकाशकंदिलाचा सांगाडा घेऊन आला. कामट्यांचा, आठ कोनांचा, एकही कोन कमी-अधिक नाही. "कागद तुम्ही लावा सर, रंग तुमचे," असे म्हणाला. त्याच्याबरोबर बहिणीचा मुलगा होता, पाच-सहा वर्षांचा. पुढे तो आमच्याच शाळेत येणार आहे. निघताना त्याने त्या पोराला पुढे केले आणि म्हणाला, "सर, याले एकदा पाहून घ्या."

मी मण्यांची वाटी आणायला आत गेलो.